पावती मिळाली, अर्ज कुठे गेला?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बीड जिल्ह्यातलं कुठलंही ई-सेवा केंद्र बघा. दारात चपलांचा ढीग, आत एक संगणक, स्कॅनर, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि लाइट गेली तर आधाराला इन्व्हर्टर. खरिपाच्या पीकविम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपते. मुदतवाढीची कुजबुज दरवर्षी असते, पण तिच्या भरवशावर कुणी घरी थांबत नाही. केंद्रचालक सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र एकापाठोपाठ स्कॅन करतो, गट नंबर टाकतो, पीक निवडतो, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरतो. मधेच साइट लटकते, ओटीपी उशिरा येतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. शेवटी प्रिंटरमधून पावती निघते. शेतकरी तिची घडी घालून खिशात ठेवतो आणि म्हणतो, "झालं एकदाचं."

झालेलं असतं ते एवढंच, की त्याचा अर्ज राष्ट्रीय पीकविमा पोर्टल नावाच्या एका दप्तरात शिरलेला असतो. भरपाई हातात पडायची तर त्या अर्जाला अजून कितीतरी दप्तरांमधून जायचं असतं. जमीन कुणाची हे महसूल खात्याच्या नोंदीत आहे. रानात काय उभं आहे हे ई-पीक पाहणीत आहे. मंडळात पाऊस किती पडला हे हवामान केंद्राच्या आकड्यांत आहे. अर्ज मंजूर करायचा की परत पाठवायचा, हे विमा कंपनीच्या संगणकावर ठरतं. पैसे कोणत्या खात्यात जाणार हे बँकांच्या सामायिक यंत्रणेला ठाऊक असतं. या पाच-सहा यंत्रणा वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या कामांसाठी उभ्या केल्या. एकीला दुसरीचं बोलणं आपोआप कळत नाही, ते शिकवावं लागतं. मोठ्या कंपन्यांत या कामाला 'इंटिग्रेशन' म्हणतात. या प्रकरणापुरतं आपण त्याला जोडणी म्हणू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. योजना ऑनलाइन झाली की सगळ्यांचं लक्ष फॉर्मकडे जातं: किती रकाने, कोणती भाषा, मोबाइलवर उघडतो का. फॉर्म चांगला असावाच. पण शेतकऱ्याचं नुकसान बहुतेक वेळा फॉर्मवर होत नाही, दोन यंत्रणांच्या सांध्यावर होतं. तो सांधा कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणाला जाबही विचारला जात नाही. बीड जिल्ह्यानं गेल्या दहा वर्षांत असे सांधे जवळून पाहिले आहेत, म्हणून हा विषय समजून घ्यायला पुण्या-मुंबईच्या आयटी कंपनीपेक्षा बीड मला जास्त योग्य वाटतं.

सहासष्ट रकाने

आधी एक जुना प्रसंग. २४ जून २०१७ रोजी राज्य सरकारनं छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. रक्कम ३४,०२२ कोटी, मर्यादा दर कुटुंबाला दीड लाख. आधीच्या कर्जमाफीत बँकांनी दिलेल्या याद्यांवर शंका घेतल्या गेल्या होत्या, म्हणून या वेळी शेतकऱ्यानं स्वतः ऑनलाइन अर्ज करावा असं ठरलं. भर पावसाळ्यात केंद्रांपुढे रांगा लागल्या. दुसऱ्या बाजूनं बँकांनी त्यांच्याकडच्या कर्जखात्यांची माहिती ६६ रकान्यांच्या तक्त्यात भरून द्यायची होती. दोन्ही ढीग संगणकात समोरासमोर ठेवायचे, जुळतील त्यांना कर्जमाफी. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रं वाटायला सुरुवात झाली आणि लगेच लक्षात आलं की ढीग जुळत नाहीत. मग जुळलेल्यांच्या हिरव्या आणि न जुळलेल्यांच्या पिवळ्या याद्या निघाल्या. पिवळ्या यादीतल्या माणसाला महिनोन् महिने तालुक्याच्या खेपा घालाव्या लागल्या.

त्या वेळी सगळा राग सॉफ्टवेअरवर निघाला. मला वाटतं खरा घोळ त्याआधीच, कागदावर योजना आखतानाच होऊन बसला होता. फॉर्म कुटुंब मोजत होता: नवरा, बायको, अज्ञान मुलं. बँकेला कुटुंब ही गोष्ट ठाऊकच नाही, ती मोजते कर्जखातं. एका घरात आजोबांच्या नावानं सोसायटीचं पीककर्ज, मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेचं मध्यम मुदतीचं कर्ज आणि सुनेच्या नावानं तिसरंच काही असू शकतं. त्यातून जिल्हा बँकेचं कर्ज गावच्या विविध कार्यकारी सोसायटीमार्फत येतं आणि कितीतरी सोसायट्यांची खतावणी तेव्हा हातानंच लिहिली जात होती. देशभरातल्या सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्रानं मंजुरी दिली ती २०२२ च्या जूनमध्ये. म्हणजे एका बाजूला कुटुंब, दुसऱ्या बाजूला खातं, मधे हातानं उतरवलेले आकडे, आणि दोहोंना बांधणारा दुवा फक्त आधार क्रमांक, जो कित्येक कर्जखात्यांना जोडलेलाच नव्हता. असे ढीग जुळवायला कितीही मोठा संगणक आणला तरी तो काय करणार?

दोन वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, आणि या वेळी फॉर्मच काढून टाकला होता. बँकेला थकबाकी माहीत आहे, मग ती शेतकऱ्याला पुन्हा का विचारायची? बँकांनी आधी खाती आधारशी जोडून घ्यायची, मग माहिती पोर्टलवर चढवायची, तिथून गावनिहाय याद्या लागणार, प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्यानं आधार आणि तो क्रमांक घेऊन केंद्रावर जायचं, पडद्यावर दिसणारी रक्कम बघायची, पटली तर अंगठा लावायचा, नाही पटली तर तक्रार नोंदवायची. कुटुंबाचा निकषही गेला, वैयक्तिक शेतकरी धरला गेला. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला लागली.

दोन्ही योजनांच्या राजकारणावर कुणी काहीही म्हणो, जोडणीच्या दृष्टीनं दुसरी कितीतरी शहाणी होती. जे दुसऱ्या यंत्रणेला आधीच माहीत आहे ते माणसाला पुन्हा लिहायला लावू नये, त्याला फक्त 'हे बरोबर आहे का' एवढंच विचारावं. लिहायला लावलं की एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या तयार होतात, आणि त्या दोहोंत फरक निघाला की भोगायचं त्यानं, जो लिहून दमला.

ज्ञानोबाची तीन नावं

दोन दप्तरं जोडायची तर दोन्हीकडे एकच गोष्ट ओळखता येईल अशी खूण हवी. नाव ही फार कच्ची खूण आहे. केंद्रावरचं हे बोलणं मराठवाड्यात कुणालाही परकं वाटणार नाही:

"आबा, आधारवर नाव एक हाय अन् बँकेत दुसरंच."

"दुसरं कसं आसंल रे? ज्ञानोबाच हाये की म्या."

"बोलायला ज्ञानोबाच हो. पण इंग्रजीत आधारवर डी-एन-वाय लिवलंय, पासबुकावर जी-वाय."

सातबाऱ्यावर नाव मराठीत, बँकेत इंग्रजीत, आधारवर दोन्हीत. मराठी नाव इंग्रजीत कसं उतरवायचं हे त्या दिवशी टेबलावर बसलेल्या माणसानं ठरवलं. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे 'राव' जोडलेलं, कुठे गळलेलं. बायकांचं तर आणखी अवघड. वारसानं मिळालेल्या जमिनीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँकेत नवऱ्यानं खातं काढताना सांगितलेलं तिसरंच. माणूस एक, यंत्रणांच्या लेखी तीन.

गावांच्या नावांचीही हीच गत. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुका आहे, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुका आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. पिंपळगाव आणि वडगाव तर राज्यभर पसरलेले. म्हणून केंद्र सरकारनं प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला एक कायमचा संकेतांक देणारी निर्देशिका तयार केली आहे. दोन यंत्रणा गावाविषयी बोलतात तेव्हा त्यांनी 'शिरूर' म्हणू नये, तो संकेतांक सांगावा, अशी अपेक्षा असते. शेतकऱ्यासाठी आता असाच अकरा आकडी शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. केंद्राच्या मंत्रिमंडळानं डिजिटल कृषी मिशनला २ सप्टेंबर २०२४ ला मंजुरी दिली आणि पुढच्या काही महिन्यांत हा क्रमांक देणाऱ्या ॲग्रिस्टॅकची शिबिरं महाराष्ट्रात गावोगाव लागली. त्या क्रमांकाखाली माणसाचं आधार आणि त्याच्या नावावरचे सगळे गट एकत्र बांधले जातात. बांधणी एकदा नीट झाली की पुढच्या प्रत्येक योजनेत नाव जुळवायचा खेळ थांबावा, हा हेतू.

हेतू चांगला आहे, पण बांधणी करायला बसलं की सातबाराच अंगावर येतो. सामाईक खात्यात चार भावांची नावं आहेत, कुणाचा हिस्सा किती हे लिहिलेलंच नाही. वाटणी झाली आहे, पण तोंडी. आजोबा वारले, वारसाची नोंद नाही. त्यात मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या जमिनींचा इतिहास पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळा. आजही जुनी भानगड निघाली की लोक १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची नक्कल काढायला तहसीलला जातात. नव्या क्रमांकाला ही जुनी गुंतागुंत सोडवता येत नाही. ती आहे हे तो फक्त उघड करतो. माझ्या मते तेही मोलाचं आहे, पण उघड झाल्यावर शेतकऱ्याला योजनेबाहेर ठेवायचं की त्याची नोंद दुरुस्त करून द्यायची, हा निर्णय संगणकाचा नाही.

खुणेनंतर येतं माप. सातबाऱ्यावर १.२० असतं तेव्हा ते एक हेक्टर वीस आर. शेतकरी त्यालाच तीन एकर म्हणतो, कारण एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा साधारण एक आर. चाळीस आर जमीन ०.४० लिहायची असते. घाईत कुणी ४० टाकलं तर ती चाळीस हेक्टर होते. चांगली जोडलेली यंत्रणा त्याच क्षणी सातबाऱ्याकडून त्या गटाचं क्षेत्र मागवते आणि सांगते, इथे एवढी जमीनच नाही. नुसता फॉर्म असेल तर तो चाळीस हेक्टर मुकाट्यानं घेतो.

चित्र आणि नोंद

स्कॅन केलेला सातबारा आणि संगणकातून थेट आलेला सातबारा बघायला सारखेच दिसतात, पण जोडणीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्कॅन म्हणजे चित्र. त्यातला गट नंबर माणसाला वाचता येतो, पण संगणकानं तो मूळ दप्तराशी पडताळलेला नसतो. फोटोत अक्षर बदललं, जुनाच उतारा जोडला, दुसऱ्याचाच जोडला, तरी अर्ज पुढे सरकतो. थेट नोंद वेगळी. एक यंत्रणा दुसरीला ठरलेल्या साच्यात प्रश्न विचारते, 'अमुक गावाचा अमुक गट, खातेदार कोण, क्षेत्र किती', आणि उत्तर त्याच साच्यात, मूळ दप्तरातून येतं. प्रश्न विचारायच्या आणि उत्तर घ्यायच्या या ठरीव सोयीला एपीआय म्हणतात. एपीआयला फोटो दाखवून फसवता येत नाही. मात्र मूळ दप्तरात चूक असेल तर तो ती चूकही तितक्याच ठामपणे सांगतो.

हा फरक बीडला फार महागात पडला. पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली, तेव्हा शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के. २०२० च्या खरिपात बीडसाठी कंपन्या पुढे येईनात, तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनीला घेऊन वेगळं सूत्र ठरलं. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत कंपनीनं द्यायची, त्यावरची सरकारनं. भरपाई कमीच निघाली तर २० टक्क्यांपर्यंत कंपनीनं ठेवायचे, उरलेले सरकारला परत करायचे. हाच बीड पॅटर्न, जो पुढे राज्यभर गेला. मग २०२३ च्या खरिपापासून राज्य सरकारनं शेतकऱ्याचा हिस्साही स्वतः उचलला आणि विमा एक रुपयात मिळू लागला. राज्यातले अर्ज आदल्या खरिपाच्या सुमारे ९६ लाखांवरून सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले.

या वाढीत आधी विमा न परवडणारे खरे शेतकरी मोठ्या संख्येनं होते, हे विसरायला नको. पण खोटे अर्जही होते. सरकारी जमिनीवर विमा, दुसऱ्याच्या रानावर परस्पर विमा, नसलेल्या पिकाचा विमा, सातबाऱ्यापेक्षा जास्त क्षेत्राचा विमा. तपासणीत बीडचं नाव ठळकपणे आलं, विधानसभेतही ते गाजलं, आणि आख्ख्या जिल्ह्याकडे संशयानं बघितलं जाऊ लागलं. पदरमोड करून सोयाबीन पेरणाऱ्या माणसाला ही बदनामी सोसावी लागली, याचं मला फार वाईट वाटतं.

हे घडलं कसं? प्रामाणिकपणा-अप्रामाणिकपणाचा भाग आहेच. पण यंत्रणेच्या बाजूनं बघितलं तर कारण साधं होतं. पीकपेरा स्वयंघोषणेवर, म्हणजे कागदाच्या चित्रावर चालत होता. खोट्या अर्जाला अर्जदाराचा खर्च एक रुपया. विमा कंपनीकडून केंद्रचालकाला दर अर्जामागे ४० रुपये मिळत, म्हणजे अर्ज जितके जास्त तितकं बरं. आणि रानात खरंच काय आहे हे सांगणारी यंत्रणा त्याच राज्यात चालू होती. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली होती. शेतकरी किंवा सहायक गटात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, त्यावर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश उमटतात. पण पाहणीचा हंगाम विम्याच्या मुदतीनंतरही चालू राहतो. विमा उतरवताना पीक नुकतंच उगवलेलं, पाहणीचा फोटो नंतरचा. दोन्ही नोंदी एकमेकींसमोर ठेवून तफावत निघाली तर अर्ज अडवायचा, ही कडी सुरुवातीपासूनच घट्ट असायला हवी होती.

२०२५ मध्ये एक रुपयाची सोय गेली, २, दीड आणि ५ टक्क्यांचा हिस्सा परत आला, शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी बंधनकारक झाली. कडी आता घट्ट आहे. पण घट्ट कडीत अडकतो कोण, हेही बघायला हवं.

बीडमधून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर असतात. यातल्या कितीतरी जणांची गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन आहे. रब्बीची ज्वारी-हरभरा पेरायला घरी म्हातारी माणसं असतात आणि पाहणी नेमकी हिवाळ्यात येते. ॲपला हवा असतो गटात उभा राहिलेला माणूस, त्याच्या हातात मोबाइल आणि ओटीपी येणारा नंबर. नंबर नवऱ्याचा, नवरा फडात. आई रानात उभी आहे, ओटीपी तीनशे किलोमीटरवर वाजतो. हंगाम संपवून ही माणसं परत येतात तेव्हा कोयत्यानं आणि पाचटानं बोटांची वळणं इतकी झिजलेली असतात की अंगठ्याचं यंत्र ओळखत नाही. केंद्रचालक बोटाला तेल लावून बघतो, दुसरं बोट लावून बघतो, शेवटी म्हणतो, "मावशी, दोन दिसांनी या." गावात पाहणीसाठी सहायक नेमले आहेत, त्यांनी राहिलेले गट करायचे असतात. ही सोय चांगली आहे, पण सहायक त्या गटापर्यंत पोचला की नाही, हे फडातल्या माणसाला कळवणारा संदेश तितकाच महत्त्वाचा आहे.

थांबण्याची जागा

जोडणी म्हणजे सगळं झटपट आणि आपोआप, असा एक गैरसमज आहे. महाराष्ट्रातली मला सर्वांत विचारपूर्वक वाटणारी जोडणी मुद्दाम थांबते. जमिनीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे आय-सरिता या नोंदणी प्रणालीत नोंदलं की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीतून तलाठ्याकडे आपोआप जाते. पूर्वी खत झाल्यावर सूची-दोनची प्रत घेऊन तलाठ्याला गाठावं लागे, आणि कुणी तसं केलंच नाही तर सातबाऱ्यावर जुनाच मालक वर्षानुवर्षं राही. आता ती खेप वाचली. पण माहिती पोचली म्हणून सातबारा लगेच बदलत नाही. तलाठी फेरफाराची नोंद धरतो, हितसंबंध असलेल्यांना नमुना ९ ची नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर नवं नाव लागतं.

हे पंधरा दिवस संगणकाला काही मिनिटांत उरकता आले असते. पण बहिणीला हिस्सा न देता भावानं परस्पर जमीन विकली असेल, तर तिला बोलायची संधी इथेच आहे. काम पुढे सरकवायचा वेग यंत्रानं वाढवावा, ऐकून घ्यायचा वेळ मात्र तसाच ठेवावा. कामाची साखळी आखताना कोणत्या पायरीवर माणूस थांबला पाहिजे हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला शेतीचा आणि घरातल्या वाटण्यांचा अनुभव असलेला माणूस त्या बैठकीत बसलेला असावा लागतो.

उलट काही ठिकाणी थांबा नको असतो, तिथे तो नकळत तयार होतो. ओटीपी येईना म्हणून चालकानं बटण दोनदा दाबलं आणि एकाच गटाचे दोन अर्ज झाले, असं होऊ शकतं. यावर जगभर वापरला जाणारा उपाय सोपा आहे. फॉर्म उघडतानाच त्याला एक क्रमांक मिळतो आणि बटण कितीदाही दाबलं तरी त्या क्रमांकाचा अर्ज एकदाच धरला जातो. दुसरी यंत्रणा बंद असेल तर अर्ज फेकून न देता रांगेत ठेवायचा, ती सुरू झाली की स्वतःहून पुन्हा पाठवायचा. ३१ जुलैच्या रात्री पोर्टल थकलं तर त्याचा भार शेतकऱ्यावर पडू नये. अर्ज रांगेत उभा राहिला ती वेळच मुदतीसाठी धरली जावी.

पैसा कोणत्या खात्यात

भरपाई मंजूर झाली, मेसेज आला, आणि पासबुकावर काही नाही. ही तक्रार बँकेच्या खिडकीवर रोज असते. योजनांचे पैसे आधारवरून जातात तेव्हा फॉर्मवर लिहिलेला खाते क्रमांक बघितलाच जात नाही, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, एक तक्ता असतो: कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला. एका आधारसमोर एकच बँक राहते, आणि ती म्हणजे शेवटची जोडलेली. शेतकऱ्यानं दहा वर्षं जिल्हा बँकेत व्यवहार केला, पण मधे कुणी गावात येऊन मोबाइलवरून नवं खातं उघडून दिलं आणि त्यासाठी आधार जोडलं, की पैसे तिकडे जातात. तो जिल्हा बँकेत चकरा मारत राहतो, तिथली माणसं खरंच सांगत असतात की आमच्याकडे काही आलं नाही, आणि पैसे दुसऱ्याच बँकेत पडून असतात.

विम्यात मंजूर रक्कम विमा कंपनीच्या हिशेबातून सरकारी देयक प्रणालीत न्यायची कडी उशिरानं आली. मार्च २०२३ मध्ये 'डिजिक्लेम' सुरू झालं, सुरुवातीला सहा राज्यांत. त्याआधी कंपन्या आपापल्या पद्धतीनं पैसे सोडत, आणि कुणाला पोचले, कुणाचे परतले, याचा एकत्र हिशेब लागत नसे. परतलेल्या पैशांचा हिशेब हा जोडणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. व्यापारी रात्री दुकान बंद करताना गल्ला आणि वही जुळवतो, तसा दोन यंत्रणांचा ताळमेळ रोज लागायला हवा: इथून किती अर्ज गेले, तिथे किती पोचले, किती परतले, कोणत्या कारणानं. लाख पाठवले आणि नव्याण्णव हजार नऊशे पोचले, हा आकडा मंत्रालयात उत्तम दिसतो. राहिलेल्या शंभरांत गेवराईची एक विधवा असेल तर तिच्यापुरती योजना शंभर टक्के बुडाली.

म्हणून कुठलीही जोडणी पारखताना मी एकच गोष्ट आधी बघतो: अडकलेला अर्ज कुणाच्या टेबलावर येतो? विम्याच्या पोर्टलवर अर्जाची स्थिती दिसते, कंपनीकडे प्रलंबित, मंजूर, नामंजूर, किंवा दुरुस्तीसाठी परत. परत आलेला अर्ज येतो केंद्रचालकाच्या लॉगिनमध्ये. त्याचे ४० रुपये त्या अर्जाचे होते, दुरुस्तीसाठी शेतकऱ्याला शोधून बोलावण्याचे नव्हेत. मुदतीच्या गर्दीत तो लॉगिनमधली ती यादी उघडेल असं कुणी गृहीत धरू नये. कारणही नुसतं 'कागदपत्र जुळत नाही' असं लिहून चालत नाही. कोणता कागद, कोणता रकाना, कुणी दुरुस्त करायचा, किती दिवसांत, हे त्या शेतकऱ्याला मराठीत कळलं पाहिजे. सातबाऱ्यातली चूक असेल तर ते काम तलाठ्याकडे आपोआप गेलं पाहिजे, बँकेच्या जोडणीची असेल तर बँकेकडे. शेतकऱ्यानं पावती दाखवत या खिडकीवरून त्या खिडकीवर जाणं म्हणजे यंत्रणांनी न केलेली जोडणी त्यानं स्वतःच्या पायांनी करणं.

आपल्याकडे यासाठी एक जुनी रीत आहे आणि ती ऑनलाइन कामातही बसते. चावडीवाचन. २०१७ च्या कर्जमाफीतही अर्जदारांच्या याद्या गावोगाव चावडीवर वाचल्या गेल्या होत्या. विम्याचे परत आलेले अर्ज, आधार न जुळल्यानं परतलेले पैसे, पाहणी राहिलेले गट, या तीन याद्या पोर्टलमधून दर पंधरवड्याला गावनिहाय निघाव्यात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात आणि चावडीवर मोठ्यानं वाचल्या जाव्यात. खाते क्रमांक आणि आधार झाकून, नुसतं नाव, गट आणि कारण. कुणाचा मुलगा फडात आहे, कुणाची सून माहेरच्या नावानं लावलेली आहे, कोणता गट सरकारी गायरानात येतो, हे गावाला तोंडपाठ असतं. खोटा अर्जही तिथेच पकडला जाईल आणि अडकलेला खराही तिथेच सुटेल. तलाठी, कृषी सहायक आणि केंद्रचालक तिघेही त्या वेळी हजर असले, तर दुरुस्तीची निम्मी कामं त्याच दिवशी मार्गी लागतील आणि उरलेल्या प्रत्येकाच्या नावासमोर तारीख टाकता येईल.